सॅटेलाइट रेडिओ गिफ्ट द्यायचाय? मग मॉडेल सगळ्यात शेवटी बघा

थँक्सगिव्हिंगच्या सेलचे मेल यायला लागले की इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, "अरे त्या सॅटेलाइट रेडिओचं कुणाला कळतं का, ख्रिसमसला शेजाऱ्याला द्यायचाय, कुठला घेऊ?" की लगेच खाली पटापट लिंका पडतात, हा घे, तो घे, यावर डिस्काउंट आहे, त्यावर कूपन आहे. आणि ज्याला द्यायचाय तो माणूस कुठली गाडी चालवतो, राहतो कुठे, ऐकतो काय, हे कुणीच विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच की यात डब्याला, म्हणजे रेडिओच्या यंत्राला, फार किंमत नाही हो, डबा सेलमध्ये कधीकधी सबस्क्रिप्शनच्या थोड्या महिन्यांपेक्षाही स्वस्त पडतो. खरं गिफ्ट म्हणजे ते सबस्क्रिप्शन आणि तुम्ही स्वतः जाऊन बसवून देणं. ते जमणार नसेल तर सरळ गिफ्ट कार्ड द्या आणि मोकळे व्हा.

आधी हे नक्की काय असतं ते थोडक्यात, म्हणजे नवीन आलेल्यांचा गोंधळ नको. अमेरिकेत सॅटेलाइट रेडिओ म्हणजे आता एकच कंपनी, सिरियसएक्सएम. पूर्वी दोन होत्या, एक्सएम सुरू झाली २००१ च्या सप्टेंबरात, सिरियस २००२ मध्ये, दोघींनी एकमेकींशी भांडत भांडत पैसा घालवला आणि २००८ मध्ये एक झाल्या. सॅटेलाइट वरून गाणी, बातम्या, मॅचेस, गप्पा असे शेकड्याच्या वर चॅनेल पाठवतो, छोटा अँटेना ते पकडतो आणि रिसीव्हर ऐकवतो. न्यू जर्सीत निघताना लावलेलं चॅनेल नेब्रास्काच्या मक्याच्या शेतातही तेच वाजत राहतं, मध्ये खरखर नाही, गाव बदललं म्हणून स्टेशन शोधायला नको. बरेचसे म्युझिक चॅनेल बिनजाहिरातीचे, पण सगळे नाहीत हं, बातम्या आणि टॉक शोमध्ये जाहिराती भरपूर असतात, ते आधीच सांगून ठेवा नाहीतर "पैसे भरून पण जाहिराती?" हे ऐकावं लागतं.

आता एक गोष्ट जी दरवर्षी कुणीतरी विचारतं. "आईबाबांसाठी भारतात घेऊन जाऊ का?" नको. अजिबात नको. या कंपनीचे सॅटेलाइट नॉर्थ अमेरिकेकडे तोंड करून बसलेत, पुण्यात किंवा नागपुरात तो डबा म्हणजे नुसता पेपरवेट. आपल्याकडे एक वर्ल्डस्पेस होतं, आठवत असेल, रहमानची ती सिग्नेचर ट्यून, शास्त्रीय संगीताचं गंधर्व, जुन्या हिंदी गाण्यांचं फरिश्ता, दिवसभर लावून ठेवणारी घरं मला माहीत आहेत. ते २००८ मध्ये दिवाळखोरीत गेलं आणि भारतातली सेवा ३१ डिसेंबर २००९ ला बंद झाली. त्यामुळे ऑनलाइन कुठे जुना वर्ल्डस्पेस रिसीव्हर "उत्तम कंडिशन" म्हणून दिसला तर तो घेऊ नका, कंडिशन उत्तम असेलही पण वरून येणारंच काही नाही. आईबाबांना मराठी गाणी भरलेला कारवां द्या, किंवा फोनवर आकाशवाणीचं ॲप टाकून एक बरा ब्लूटूथ स्पीकर द्या, ते जास्त खूश होतील.

कॅनडातल्या बहिणीला द्यायचा असेल तर तिकडे सिरियसएक्सएम कॅनडा हा वेगळा कारभार आहे, प्लॅन वेगळे, किमती वेगळ्या, तेव्हा रेडिओ आणि सबस्क्रिप्शन दोन्ही तिकडूनच घ्या. हवाईत राहणाऱ्यांना सॅटेलाइट रिसीव्हर देऊ नका, अलास्कातही देऊ नका. तिथे ॲपवर ऐकता येतं, पण मग रिसीव्हरचं काय लोणचं घालणार.

कुणाला शोभतो, कुणाला नाही

ज्याचा दिवस गाडीत जातो त्याला. ट्रकवाले, सेल्समधली माणसं, रोज तासभर जायला आणि तासभर यायला घालवणारे, वीकेंडला डोंगरात कॅम्पिंगला जाणारे. वायोमिंग, मोंटाना, वेस्ट टेक्सास अशा ठिकाणी राहणारे, जिथे एफएमवर एक कंट्री म्युझिक, एक चर्च आणि मग नुसता शूं असा आवाज. ट्रकवाल्यांसाठी तर रोड डॉग ट्रकिंग नावाचं वेगळं चॅनेलच आहे. बेसबॉल, फुटबॉलचे वेडे लोक असतात, त्यांना आपल्या टीमची मॅच कुठल्याही राज्यात गाडी चालवताना ऐकता येते, हे त्यांच्यासाठी फार मोठं असतं, आपल्याकडे टेस्ट मॅचची कॉमेंट्री ट्रान्झिस्टरवर ऐकणारे मामा असायचे ना, तीच जात. आणि वयस्कर मंडळी, ज्यांना फोन, ॲप, पासवर्ड, लॉगिन या सगळ्याचा कंटाळा आहे. बटण दाबलं की सिनात्रा, म्हणजे त्यांच्या जमान्यातला लाडका गायक, सुरू, विषय संपला. सिरियसली सिनात्रा नावाचं चॅनेल आहे खरंच.

शोभत नाही ते आपल्यासारख्या बऱ्याच जणांना. ज्याचा फोन गाडीत बसल्या बसल्या आपोआप जोडला जातो, ज्याचं स्पॉटिफाय किंवा यूट्यूब आधीच चालू आहे, जो किशोरी आमोणकर आणि अजय-अतुल ऐकतो, त्याला हे देऊन काही उपयोग नाही. मराठी चॅनेल यावर नाही. सासरेबुवा सहा महिन्यांसाठी इथे आलेत आणि त्यांना नाट्यसंगीत पाहिजे, तर रेडिओ हा त्यावरचा उपाय नाही. उलट ते जर बीबीसीच्या बातम्या नाहीतर वेस्टर्न क्लासिकल ऐकणारे असतील तर गोष्ट वेगळी, सिम्फनी हॉल नावाच्या चॅनेलवर ते खूश असतील.

शहराच्या मध्यात उंच बिल्डिंगमध्ये राहणारा आणि मेट्रोनेच फिरणारा माणूस असेल तर त्यालाही नको. मोठ्या शहरांत कंपनीने जमिनीवरही टॉवर लावलेत, सिग्नल पुन्हा पसरवायला, त्यामुळे मॅनहॅटनच्या रस्त्यावर गाडीत चालतो तो, पण अपार्टमेंटच्या आत, उत्तरेची खिडकी असलेल्या खोलीत, ते नशिबावर.

आधी त्याची गाडी बघा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि लोक हेच विसरतात. गेल्या बऱ्याच वर्षांतल्या गाड्यांमध्ये सॅटेलाइट रिसीव्हर फॅक्टरीतूनच बसवलेला येतो. नवी गाडी घेतली की साधारण तीन महिने फुकट ट्रायल असते, ती संपली की तो गप्प बसतो आणि माणूस विसरून जातो की आपल्या गाडीत हे आहे. छपरावर शार्कच्या पाठीवरच्या परासारखा छोटा अँटेना दिसला तर शंका घ्या, आणि डॅशबोर्डवर रेडिओच्या स्क्रीनवर एएम, एफएमच्या बाजूला एसएक्सएम किंवा सॅट असं काही दिसतं का ते बघा. दिसलं तर तुमचं काम झालं, नवा डबा घेऊ नका, त्या गाडीतल्याच रेडिओवर एक वर्षाचं सबस्क्रिप्शन भरून द्या. त्यासाठी रेडिओ आयडी, म्हणजे त्या रेडिओचा स्वतःचा नंबर, लागेल, तो चॅनेल ० लावला की स्क्रीनवर येतो. हळूच एखाद्या दिवशी "काका मला जरा दुकानापर्यंत सोडता का" म्हणून त्यांच्या गाडीत बसा आणि फोटो काढून घ्या. आयडी लिहून घेताना एक लक्षात ठेवा की त्यात आय, ओ, एस आणि एफ ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत, म्हणजे गोल दिसतंय ते शून्यच आणि उभी दांडी म्हणजे १ हा आकडाच, डोकं खाजवत बसू नका.

गाडीत फॅक्टरीचा रेडिओ नाही पण नंतर कुणी पायोनियर, केनवूड, अल्पाइन असला स्टिरिओ बसवलाय, तर त्याच्या पाठीमागे सॅटेलाइट ट्यूनर जोडायची सोय असू शकते. तसं असेल तर एसएक्सव्ही३०० नावाचा छोटा काळा ट्यूनर मिळतो, तो स्टिरिओला मागून जोडायचा आणि कंट्रोल सगळा स्टिरिओच्या स्क्रीनवरून. दिसायला सगळ्यात साफसुथरं काम, डॅशबोर्डवर काही चिकटवायला नको, पण डॅश उघडावा लागतो, तेव्हा स्वतःला येत नसेल तर बसवायचे पैसेही गिफ्टमध्ये धरा.

दोन्ही नसेल, जुनी गाडी असेल, तर मग वेगळा डबा.

डबे किती प्रकारचे

सरळ सांगतो. एक, डॉक अँड प्ले. तळव्याएवढा रिसीव्हर, तो एका डॉकमध्ये, म्हणजे खाचेच्या स्टँडमध्ये, बसतो, डॉक गाडीत, आणि घरासाठी दुसरा डॉक घेतला की रिसीव्हर उचलून घरात. ऑनिक्स या नावाची मालिका याचीच, त्यात साधे पण आहेत आणि थोडे जास्त सोयीवाले पण. वयस्कर माणसाला देत असाल तर साधाच बघा, ज्याच्या स्क्रीनवरची अक्षरं मोठी आणि बटणं खरीखुरी दाबायची. दुकानात हातात घेऊन बघा, चॅनेल बदलायची चकती हातमोजे घालून फिरते का, कारण जानेवारीत ओहायोत ती तशीच फिरवायची आहे.

रोडी बीटी म्हणून एक छोटा येतो, त्याचं वैशिष्ट्य ब्लूटूथ, म्हणजे गाडीच्या स्टिरिओला वायर न लावता जोडता येतो, अर्थात गाडीच्या स्टिरिओत ब्लूटूथवर गाणी वाजायची सोय पाहिजे, नुसतं फोन कॉलपुरतं ब्लूटूथ असलेल्या गाड्या पण आहेत, ते तपासा. त्याच्या वरचा टूर, तो सॅटेलाइट आणि वायफाय दोन्हीवर चालतो, सिग्नल गेला की इंटरनेटवरून, आणि मागचे कार्यक्रम शोधून पण ऐकता येतात. ज्याला गॅजेटची आवड आहे त्याला हा. ज्याला फोनच नको वाटतो त्या आजोबांना टूर देऊन त्यांच्या घरच्या वायफायचा पासवर्ड शोधत बसायची हौस असेल तर द्या.

दुसरा प्रकार घरातला, म्हणजे स्पीकर डॉक, जुन्या टेपरेकॉर्डर बूमबॉक्ससारखा, रिसीव्हर मध्ये खोचायचा. गॅरेजमध्ये काहीतरी खुडबुड करत बसणाऱ्या माणसाला हे फार आवडतं. फक्त घेताना बघा की तो स्पीकर डॉक तुमच्या रिसीव्हरच्या मॉडेलला चालतो का, सगळे सगळ्यांना चालत नाहीत, आणि बऱ्याचदा खोक्यात नुसता डॉक असतो, रिसीव्हर वेगळा घ्यायचा असतो, फोटोत मात्र दोन्ही दाखवलेले असतात. गिफ्ट उघडल्यावर मधली जागा रिकामी निघाली तर कसं वाटेल.

तसंच "व्हेइकल किट सोबत" असं लिहिलंय का ते बघा, कारण नुसता रिसीव्हर पण विकतात. त्या किटमध्ये डॉक, अँटेना, लायटरच्या भोकात घालायची पॉवर वायर आणि ऑक्स केबल (हेडफोनसारख्या पिनेची वायर) एवढं तरी असायला हवं.

आवाज स्टिरिओपर्यंत कसा न्यायचा

इथे खरा घोळ होतो. रिसीव्हर डॅशवर लावला, सिग्नल आला, पण आवाज गाडीच्या स्पीकरमधून यायला पाहिजे ना. सगळ्यात चांगला रस्ता ऑक्स. गाडीत हेडफोनच्या पिनेचं भोक असेल तर एक वायर लावली की काम फत्ते, आवाज स्वच्छ. त्यानंतर ब्लूटूथ. फार जुनी गाडी, कॅसेट प्लेअर असलेली, तर कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर मिळतो, तो दिसायला गमतीशीर पण कामाला चांगला, एफएमपेक्षा तर नक्कीच.

आणि मग एफएम ट्रान्समीटर. डबा स्वतःच एक बारीकसं एफएम स्टेशन बनतो, तुम्ही गाडीचा रेडिओ त्या फ्रिक्वेन्सीला लावायचा. खोक्यावर "कुठल्याही गाडीत चालतो" लिहिलेलं असतं ते या जोरावर. ओस पडलेल्या हायवेवर मस्त चालतं पण न्यूयॉर्क, न्यू जर्सी, शिकागो, एलए या पट्ट्यात एफएम बँडवर रिकामी जागाच नाही, दर थोड्या मैलांवर कुठलं तरी खरं स्टेशन येऊन अंगावर बसतं आणि सिनात्राच्या मध्ये कुणीतरी स्पॅनिशमध्ये गाद्यांच्या सेलची जाहिरात करतो. ट्रान्समीटरचा जोर वाढवता येत नाही कारण सरकारी नियमाने तो फार कमी ठेवावा लागतो, २००६ च्या सुमाराला दोन्ही कंपन्यांचे काही रेडिओ या मर्यादेबाहेर जात होते म्हणून एफसीसीने, म्हणजे रेडिओ-टीव्हीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, त्यांना धरलंही होतं. तेव्हा शहरातल्या माणसाला एफएमच्या भरवशावर देऊ नका. ऑक्स नाही, ब्लूटूथ नाही, कॅसेट नाही अशी गाडी असेल तर एफएम डायरेक्ट अडॅप्टर नावाचा एक छोटा तुकडा मिळतो, तो गाडीची अँटेना आणि स्टिरिओ यांच्या मध्ये बसतो आणि डब्याचा आवाज हवेतून न जाता वायरीतून स्टिरिओत जातो. पण त्यासाठी पुन्हा स्टिरिओ बाहेर काढावा लागतो. गिफ्टचा उत्साह इथे बराच कमी होतो, मला माहीत आहे.

म्हणून खरेदीच्या आधी एकच फोटो मागवा किंवा गुपचूप काढा, त्या गाडीच्या डॅशबोर्डचा, स्टिरिओ आणि त्याच्या खालच्या कप्प्यासकट. त्या एका फोटोत सगळं कळतं.

अँटेना

लोक याला क्षुल्लक समजतात. खोक्यात एक चौकोनी, आगपेटीपेक्षा थोडी मोठी, काळी वडीसारखी गोष्ट निघते, खाली लोहचुंबक आणि लांब बारीक वायर. ती गाडीच्या आत डॅशवर ठेवून "चालतंय की" म्हणणारे आहेत, चालतं पण झाडाखाली गेलं की गेलं. तिची जागा छपरावर, कडेपासून थोडी आत, आजूबाजूला रूफ रॅक किंवा दुसरी अँटेना नको. छपराचा पत्रा खाली असला की सिग्नल जास्त चांगला पकडला जातो.

पण पत्रा कसला आहे ते बघा. फोर्ड एफ-१५० ही इथली सगळ्यात लाडकी पिकअप, २०१५ च्या मॉडेलपासून तिची बॉडी ॲल्युमिनियमची आहे, लोहचुंबक चिकटतच नाही. तुम्ही ऐटीत अँटेना छपरावर ठेवणार आणि ती घसरत येऊन काचेवर लोळणार. कॉर्व्हेट फायबरची, कापडी छपराच्या गाड्या, काचेचं मोठं छप्पर असलेल्या गाड्या, सगळीकडे तेच. अशा वेळी चिकटवायचा माउंट वेगळा घ्या, स्वस्तात मिळतो, आणि थंडीत चिकटवायचं असेल तर आधी ती जागा स्पिरिटने पुसून, हेअर ड्रायरने थोडी कोमट करून मगच चिकटवा, गारठलेल्या पत्र्यावर कुठलाच गोंद धरत नाही.

वायर दारातून आत घेऊ नका, दार रोज आपटून ती चेपते आणि सहा महिन्यांनी "सिग्नल जातो येतो" सुरू होतं. सेडान असेल तर अँटेना छपराच्या मागच्या बाजूला, वायर मागच्या काचेच्या कडेच्या रबराखाली बोटाने दाबत दाबत खाली आणायची, तिथून डिकीच्या झाकणाच्या रबराखालून आत, मग मागच्या सीटच्या बाजूने, पायपुसण्याच्या आणि उंबऱ्याच्या प्लास्टिकच्या पट्टीखालून पुढे डॅशपर्यंत. त्या पट्ट्या नुसत्या खटक्यावर बसवलेल्या असतात, बोटाने किंवा प्लास्टिकच्या उलथन्याने उचलल्या की निघतात, स्क्रूड्रायव्हर घातला तर ओरखडा पडतो आणि तो ओरखडा मालकाला कायम दिसत राहतो. रबराखाली वायर घालताना पाणी आत यायला वाट राहणार नाही अशी, म्हणजे डिकीत शिरण्याआधी वायरीला खाली एक छोटा झोका ठेवा, पाणी त्या झोक्यावरून टपकून बाहेरच पडतं. उरलेली वायर गुंडाळून सीटखाली. तासाभराचं काम आहे, बर्फ पडत नसेल तर.

डबा कुठे चिकटवायचा हेही आधीच विचारून ठेवा. एअरबॅगच्या झाकणावर नाही, काचेवर समोरचा रस्ता झाकेल असा नाही, आणि हीटरच्या तोंडासमोर तर नाहीच, तिथे तो तापून बंद पडतो.

घरात ऐकायचं असेल तर

सॅटेलाइट विषुववृत्ताच्या वर, जवळपास ३६ हजार किलोमीटरवर बसलेत, म्हणजे अमेरिकेतून बघितलं तर दक्षिणेच्या आभाळात. त्यामुळे घरात दक्षिणेची खिडकी पाहिजे, बॉस्टन, न्यू जर्सीकडून थोडं नैऋत्येला, कॅलिफोर्नियातून थोडं आग्नेयेला. ज्यांच्या घराला दक्षिणेला मोठी मेपलची झाडं आहेत त्यांना डिसेंबरात सुंदर सिग्नल मिळतो कारण झाडं बोडकी असतात, आणि मे महिन्यात पानं फुटली की फोन येतो की रेडिओ बिघडला. बिघडलेला नसतो. काचेवर धातूची फिल्म असेल किंवा बाहेर लोखंडी जाळी असेल तरी सिग्नल अडतो.

मेनूमध्ये सिग्नलच्या पट्ट्या दाखवणारा स्क्रीन असतो, तो उघडून एकाने रिसीव्हरसमोर बसायचं आणि दुसऱ्याने अँटेना हातात घेऊन खिडकीच्या कडेकडेने इंचाइंचाने सरकायचं, अगदी लहानपणी गच्चीवर टीव्हीचा अँटेना फिरवताना "आलं का? आलं... गेलं गेलं, मागे घे" चालायचं तेच. दोन पट्ट्या दिसतात, एक सॅटेलाइटची आणि एक जमिनीवरच्या टॉवरची. शहरात दुसरी भरलेली असेल तर पहिलीची फार काळजी नको. खिडकीत जमतच नसेल तर बाहेर लावायचा लांब केबलचा अँटेना मिळतो. आणि घरात चांगलं इंटरनेट असेल तर खरं सांगू का, घरासाठी ॲपच वापरा, बऱ्याच प्लॅनमध्ये ते धरलेलंच असतं, स्मार्ट स्पीकरवर पण चालतं. घरच्या डॉकचे पैसे वाचवा.

पैशाचं

आता मुख्य. दर रेडिओला वेगळं सबस्क्रिप्शन लागतं. काकांच्या गाडीत एक आणि काकूंच्या गाडीत एक तर दोन, दुसऱ्यावर काहीतरी सूट मिळते पण फुकट नाही. डॉक अँड प्लेचा फायदा इथे आहे, एकच रिसीव्हर उचलून दोन्ही गाड्यांत नेला तर एकच सबस्क्रिप्शन, फक्त किट दोन.

जाहिरातीत जो महिन्याचा आकडा दिसतो त्यावर म्युझिक रॉयल्टी फी म्हणून आणखी काही टक्के लागतात, २००९ पासून ही भानगड आहे, आणि वर टॅक्स. त्यामुळे हिशोब करताना पानाच्या तळाचं बारीक अक्षरातलं वाचा आणि पूर्ण वर्षाचा आकडा काढा.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपोआप रिन्यू होणं. सवलतीचा काळ संपला की पूर्ण दराने कार्डावर पैसे पडायला लागतात, आणि कार्ड तुमचं असेल तर गिफ्ट तुम्ही आयुष्यभर देत राहता. बंद करायचं सोपं असतं असं समजू नका. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलांनी, याच कारणावरून, म्हणजे सबस्क्रिप्शन बंद करायला लोकांना उगाच बराच वेळ अडकवून ठेवतात म्हणून, २०२३ च्या डिसेंबरात कंपनीला कोर्टात खेचलं होतं आणि २०२४ मध्ये बंद करण्याच्या पद्धतीच्या मुद्द्यावर निकाल कंपनीच्या विरोधात गेला. त्यामुळे खातं सुरू करतानाच ठरवा. माझा सल्ला, खातं त्यांच्या नावाचं, त्यांच्या ईमेलचं, पहिलं वर्ष तुम्ही प्रीपेड भरा, आणि फोनवर अकराव्या महिन्याच्या सुरुवातीला रिमाइंडर लावा. तेव्हा फोन करून "बंद करायचंय" म्हटलं की बऱ्याचदा समोरून कमी दराची ऑफर येते, भाजीवाल्याकडून पाठ फिरवून निघाल्यावर हाक येते तशी. घ्यायची असेल तर घ्या, पण ती किती महिन्यांची आहे ते विचारून पुन्हा रिमाइंडर.

पॅकेज कुठलं? सगळ्यात वरचं घ्यायची गरज नसते. हॉवर्ड स्टर्नचा प्रसिद्ध टॉक शो, सगळ्या मॅचेस, हे वरच्या पॅकेजमध्ये असतं, ज्याला फक्त गाणी पाहिजेत त्याला गाण्यांचं स्वस्त पॅकेज पुरतं. ज्या माणसाला द्यायचंय त्याच्या आवडीची चार चॅनेल मनात धरा आणि ती कुठल्या पॅकेजमध्ये येतात ते बघून मगच भरा, कारण पॅकेजमधली चॅनेलं बदलत राहतात.

जुना, वापरलेला घ्यावा का

ऑनलाइन फार स्वस्तात मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण पैसे देण्याआधी रेडिओ आयडी मागा आणि तो आयडी चालू करता येईल का हे कंपनीला फोन करून विचारा, कधीकधी आधीच्या मालकाच्या खात्यावर तो अजून अडकलेला असतो. "लाइफटाइम सबस्क्रिप्शन सोबत" असं लिहिलेल्या जाहिरातींपासून लांबच रहा, ते लाइफटाइम कुणाच्या नावावर आहे आणि दुसऱ्याच्या नावावर होतं का यात सगळी मेख असते. आणि विलीनीकरणाच्या आधीचे, नुसतं सिरियस किंवा नुसतं एक्सएम लिहिलेले अगदी जुने डबे, त्यांचे डॉक, वायरी आता शोधत फिरावं लागतं. गिफ्ट म्हणून तरी नको. स्वतःसाठी खेळणं म्हणून ठीक.

देताना

खोकं आधीच उघडून चालू करून बघावं का, यावर लोक वाद घालतात. मी म्हणेन की उघडून सगळे भाग आहेत का ते बघा, पण ॲक्टिव्हेट करू नका, कारण ॲक्टिव्हेट केल्या दिवसापासून महिने मोजायला सुरुवात होते आणि तो डिसेंबरभर कपाटात बसून सबस्क्रिप्शन खातो. रेडिओ आयडी खोक्यावरच्या स्टिकरवर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा, नंतर खोकं कचऱ्यात गेल्यावर उपयोगी पडतो.

ख्रिसमसच्या दिवशी फोन लाइनवर गर्दी असते, म्हणून वेबसाइटवरूनच ॲक्टिव्हेट करा. त्या वेळी रेडिओ चालू पाहिजे, अँटेनावर मोकळं आभाळ पाहिजे, गाडी गॅरेजच्या बाहेर काढलेली पाहिजे. हे शेवटचं लिहायला हास्यास्पद वाटतं पण गॅरेजमध्ये बसून "येतच नाही" म्हणणारे खूप आहेत. चालू करायचा सिग्नल पण वरूनच येतो, तेव्हा चॅनेल १ लावून ठेवा आणि थोडा धीर धरा. नाही आला तर वेबसाइटवर रिफ्रेश सिग्नल परत पाठवायची सोय आहे, तो पाठवा आणि रेडिओ बंद न करता तसाच राहू द्या.

मग प्रीसेट भरून द्या, म्हणजे त्यांच्या आवडीची चॅनेलं बटणांवर लावून द्या, हे नक्की करा. शेकडो चॅनेलांची यादी बघून माणूस घाबरतो आणि पहिल्या दोन चॅनेलांवरच राहतो. पहिल्या बटणावर त्यांच्या तरुणपणातल्या गाण्यांचं दशक, दुसऱ्यावर बातम्या, तिसऱ्यावर त्यांचा खेळ, आणि डिसेंबर असेल तर एकावर हॉलिडे ट्रॅडिशन्स, जुनी ख्रिसमसची गाणी, त्यांना ते ऐकून भरून येतं. एका कार्डावर मोठ्या अक्षरात तीन ओळी लिहून गाडीच्या कप्प्यात टाका, बटण १ काय, २ काय, आणि आवाज गेला तर स्टिरिओ ऑक्सवर आहे का बघा. निम्म्या तक्रारी त्या शेवटच्या ओळीने मिटतात.

पावती जपून ठेवा, आणि दुकानाची हॉलिडे रिटर्नची मुदत विचारून घ्या, बरीच दुकानं ती जानेवारीपर्यंत वाढवतात. रेडिओ बसवल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांना त्यांच्या नेहमीच्या रस्त्याने एकदा जाऊन यायला सांगा, ऑफिस, चर्च, नातवंडांचं घर, जिथे जिथे जातात तिथे. सिग्नल कुठे तुटतो ते तेवढ्यात कळतं. एखाद्या पुलाखाली तुटला तर ते चालायचंच, पण अख्ख्या रस्त्यावर धड येत नसेल तर आधी अँटेनाची जागा बदलून बघा आणि तरीही नाही आलं तर मुदतीच्या आत परत करा आणि सबस्क्रिप्शनही त्याच दिवशी बंद करा, कन्फर्मेशनचा ईमेल आल्याशिवाय फोन ठेवू नका.